तेवीसचे तीन

रविवारी सकाळी टिकाराम शिवणकर कुबड्या टेकत फाटकाशी आला तेव्हा समीक्षा अंगणात स्कूटी धूत होती. कुरुदच्या त्याच गल्लीत, चार घरं सोडून तो राहायचा. फेब्रुवारीत रोलिंग मिलमधल्या अपघातानंतर त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला होता, आणि तेव्हापासून तो घराबाहेर फारसा पडत नसे. आज मात्र एकटाच चालत आला होता. समीक्षानं नळ बंद केला आणि ओल्या हातानंच खुर्ची पुढं सरकवली. टिकाराम बसला नाही. शर्टाच्या खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला.

"पोरी, हे तू लिहलं का?"

कागद मिलचा होता, हिंदीतला. कारणे दाखवा नोटीस. टिकारामनं भार उचलण्याआधी सिलिंग, म्हणजे भार क्रेनला अडकवायचा तारांचा दोर, तपासलं नाही, ते चुकीच्या पद्धतीनं बांधलं, आणि त्या निष्काळजीपणामुळे सळ्यांचं बंडल खाली येऊन अपघात झाला. तेव्हा त्याला कामावरून का काढू नये, असं त्यात विचारलं होतं. पुरावा म्हणून खाली एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या तांत्रिक अहवालाचा हवाला होता. पान नऊ: वायर रोपमध्ये फक्त तीन तारा तुटलेल्या आढळल्या, रोप वापरण्याजोगा होता. आणि शेवटी: मोजमाप व लेखन, समीक्षा श्यामराव कापगते.

तिनं ती ओळ दोनदा वाचली.

"काका, मी असं लिहिलंच नाही."

"मंग तुहं नाव कसं काय आलं तिथं?"

टिकारामचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

"एकोणीस वर्सं सिलिंग बांधलं मी," तो म्हणाला. "पाय गेला तं गेला. पण आता सारे म्हणतीन, टिकारामचा पाय त्याच्याच चुकीनं गेला. तुही तुळसाकाकू म्हणे, श्यामरावभाऊची पोरगी असं लिहणार नाही, जाऊन विचारून या. म्हणून आलो."

बोलणं ऐकून श्यामराव आतून बाहेर आले. स्टील प्लांटमध्ये चौतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं, क्रेनला भार अडकवण्याचं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी वायर रोप दिसला की त्यांचा हात आपोआप त्यावरून फिरायचा. त्यांनी चष्मा लावून नोटीस वाचली आणि लेकीकडे पाहिलं.

"तू तं मले तेवीस सांगतल्या होत्या."

"तेवीसच होत्या, बाबा."

टिकारामनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग तो पहिल्यांदा खुर्चीवर बसला.

समीक्षा त्या कॉलेजच्या मेकॅनिकल विभागात प्रोजेक्ट असिस्टंट होती. अपघातानंतर मिलनं कॉलेजला तांत्रिक अहवाल मागितला होता आणि विभागप्रमुख वानखडे सरांनी ते काम घेतलं. तुटलेलं सिलिंग लाकडी पेटीत, सील लावून प्रयोगशाळेत आलं. पावतीवर सही समीक्षानं केली. मग तिनं आणि प्रयोगशाळेतल्या निशानं तीन दिवस भिंग घेऊन तारा मोजल्या. प्रत्येक तुटक्या टोकाला निशा दोऱ्यानं कागदाची बारीक चिठ्ठी बांधायची आणि त्यावर आकडा लिहायची. काही टोकं चकचकीत होती, म्हणजे अपघाताच्या वेळी तुटलेली. काही गंजून काळी पडली होती. त्यांतल्या एका संध्याकाळी समीक्षानं बाबांना विचारलं तेव्हा ते जेवता जेवता म्हणाले होते, "जंगलेलं टोक म्हणजे तार कितीक महिन्यांपूर्वीच तुटली. एका पिळात दहा तारा तुटल्या की आमच्याकडे सिलिंग कापूनच फेकत होते. कोणी पुन्हा वापरू नये म्हणून कापत होते."

एका पिळाच्या लांबीत, म्हणजे दोराची एक लड पूर्ण वेढा घेते तेवढ्या भागात, तेवीस गंजलेली टोकं निघाली. दहाच्या दुपटीहून जास्त. मोजणी संपल्यावर तिनं पेटी पुन्हा सील करून त्यावर सही केली. समीक्षानं अहवालात तसंच लिहिलं: हे सिलिंग अपघाताच्या बऱ्याच आधी भंगारात जायला हवं होतं. बांधणाऱ्याच्या चुकीची खूण सापडलेली नाही. वानखडे सरांनी मसुदा वाचला आणि विभागातल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात काम." आठवडाभरानं त्यांनी फाइल मागून घेतली. शेवटचा हात मी फिरवतो, म्हणाले. पुढं परीक्षा लागल्या, तिला सुपरव्हिजनला बसवलं, आणि अहवाल गेला एवढंच तिला कळलं. अंतिम प्रत तिनं पाहिलीच नव्हती. ती चूक आपली, असं ती त्या रविवारी दिवसभर स्वतःला सांगत राहिली, पण त्यानं राग कमी झाला नाही.

सोमवारी ती नऊ वाजताच प्रयोगशाळेत पोचली. विभागाचे सगळे अहवाल लेटेकमध्ये लिहिले जायचे. म्हणजे कागदावर जे छापून येतं त्याच्यामागं एक साध्या मजकुराची मूळ फाइल असते, तिच्यात शब्दांबरोबर मांडणीच्या सूचनाही लिहिलेल्या असतात, आणि संगणक त्यातून पानं तयार करतो. समीक्षाचा मसुदा तिच्या फोल्डरमध्ये होता. सरांची अंतिम फाइल विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये, शेजारीच होती. तिथं जायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती.

दोन फाइलींमधला फरक दाखवणारा एक प्रोग्राम होता, लेटेकडिफ. जुनी फाइल द्यायची, नवी द्यायची, आणि तो तिसरी तयार करतो. त्यातून निघालेल्या पानांवर काढलेला मजकूर लाल अक्षरांत खोडलेला दिसतो आणि घातलेला मजकूर निळ्या अक्षरांत, खाली नागमोडी रेघ. समीक्षा तो एरवी पेपर लिहिताना वापरायची, परीक्षकांना दुरुस्त्या दाखवायला. पहिल्यांदा तो मोजमापाच्या तक्त्यावर अडकला. तिनं तक्त्याच्या ओळी हातानं सरळ केल्या आणि पुन्हा चालवलं. चौतीस पानं निघाली.

पहिली आठ पानं बहुतेक काळ्या अक्षरांचीच होती, म्हणजे न बदललेली. सरांनी स्वल्पविराम नीट केले होते, एक स्पेलिंग दुरुस्त केलं होतं. चुका खरोखरच होत्या. क्षणभर तिला वाटलं, काहीतरी गैरसमज असेल, मिलवाल्यांनीच चुकीचं उतरवलं असेल.

नवव्या पानावर तक्ता होता. त्यात एका चौकटीत लाल, खोडलेले २३, आणि त्याला चिकटून निळा ३.

तिनं खुर्ची मागं ढकलली. निशा शेजारच्या टेबलावर होती, ती उठून आली आणि वाकून पाहू लागली.

"ये तो हमने गिना था," निशा म्हणाली. "एक-एक. मैंने चिट्ठी बांधी थी."

"हो."

"टायपिंग मिस्टेक होगा?"

समीक्षानं पुढचं पान काढलं. दहाव्या पानावरचा अख्खा परिच्छेद लाल होता, वरपासून खालपर्यंत खोडलेला: गंजलेली टोकं, जुनी तूट, भंगारात जायला हवं होतं, बांधणाऱ्याची चूक नाही. त्याच्या जागी दोन निळी वाक्यं आली होती. भार बांधताना योग्य पद्धत पाळली गेली नसल्याची शक्यता दिसते. संबंधित कामगारानं पूर्वतपासणी केल्याचं आढळत नाही. फोटोभोवती निळी चौकट होती, म्हणजे फोटोही नवा. जवळून घेतलेला, काळी टोकं दाखवणारा फोटो गेला होता आणि लांबून काढलेला आला होता, ज्यात रोप नुसता रोप दिसत होता. आभाराच्या पानावर तिचं नाव मात्र जसंच्या तसं, काळ्या अक्षरांत. तिथं काही बदललेलं नव्हतं.

"टायपिंग मिस्टेक फोटो नहीं बदलता," ती निशाला म्हणाली.

मग तिनं सरांची मूळ फाइल उघडली. खोडलेला परिच्छेद कसा काढलाय ते तिला पाहायचं होतं. तो काढलेला नव्हताच. लेटेकमध्ये ओळीच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह टाकलं की ती ओळ फाइलमध्ये राहते, पण कागदावर येत नाही. सरांनी तिच्या सतराच्या सतरा ओळींपुढं एकेक टक्का टाकला होता. तिची वाक्यं तिथंच होती, शब्दही न बदलता. कुणाला दिसणार नाहीत अशी बसवून ठेवलेली.

पुसून टाकलं असतं तर तिला कदाचित एवढा संताप आला नसता. सतरा वेळा ते बटण दाबलं, तेव्हा प्रत्येक ओळ डोळ्यांखालून गेली असणार.

सुपेल्यातल्या दुकानातून तिनं चौतीस पानांच्या दोन रंगीत प्रती काढून आणल्या आणि दुपारी सरांच्या केबिनमध्ये गेली. प्रफुल वानखडे मूळचे नागपूरचे. बावीस वर्षं या कॉलेजात होते. समीक्षाला त्यांनी शिकवलं होतं, ही नोकरीही त्यांच्याच शब्दावर मिळाली होती, आणि इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला आले तेव्हा ते श्यामरावांच्या घरी जेवूनही गेले होते. तिनं कागद टेबलावर ठेवून नववं पान उघडलं.

सरांनी पाहिलं. लाल-निळं काय असतं ते त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनीच तिला ते शिकवलं होतं.

"हे कुणी सांगितलं तुला करायला?"

"टिकाराम शिवणकर आमच्या गल्लीत राहतात, सर. त्यांना नोटीस आली. त्यात माझं नाव आहे."

"हं." सरांनी पान मिटलं. "बस आधी. हे बघ, अहवाल म्हणजे एक मत असतं. तू मोजलंस, ठीक. पण निष्कर्ष काढायची जबाबदारी माझी. असिस्टंटची नाही."

"निष्कर्षाचं मी बोलतच नाही. तेवीसचे तीन झालेत. तो निष्कर्ष नाही, मोजलेला आकडा आहे."

"गंजलेलं टोक कोणतं आणि नुसतं मळलेलं कोणतं, यावर मतभेद होऊ शकतो."

"मग तुम्ही परत मोजलंत का? पेटीचं सील माझ्या सहीनं लागलंय, सर. ते अजून तसंच आहे."

सर आवाज खाली आणून म्हणाले, "समीक्षा, त्या मिलमध्ये आपली मुलं ट्रेनिंगला जातात. दरवर्षी चाळीस. उद्या मिलवर केस झाली, गेट बंद झालं, तर ती चाळीस मुलं कुठं जातील? आत तीनशे कामगार आहेत. तुझ्या त्या शिवणकरसारखेच. एका माणसासाठी सगळ्यांचं..."

"एका माणसासाठी नाही. एका माणसावर ढकललंय तुम्ही."

"शब्द नीट वापर."

"शब्द नीटच वापरले होते मी. सतरा ओळी होत्या. तुम्ही त्या पुसल्यासुद्धा नाहीत, नुसते टक्के लावले. का, सर?"

यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलावरचा पेपरवेट थोडा सरकवला. "तुला तुझ्या नावाचाच त्रास होत असेल, तर सुधारित प्रत पाठवतो. नाव काढून टाकतो. झालं?"

समीक्षा उभी राहिली.

"नाव काढू नका. माझी वाक्यं परत घाला."

त्या संध्याकाळी घरी मोठं बोलणं झालं. आई, रंभाबाई, भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "तुहं पीएचडीचं रजिस्ट्रेशन त्यायच्याच हातात हाये ना? मंग कायले भांडून राहिली? टिकारामभाऊले आपून दुसरी मदत करू."

"कोणती मदत करशील?" समीक्षानं विचारलं. "पाय देशील?"

रंभाबाईंनी भाजीचं ताट बाजूला ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि समीक्षाला बोलल्याचं वाईट वाटलं, पण तिनं शब्द मागं घेतला नाही. श्यामराव इतका वेळ रंगीत पानं चाळत होते. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, पण खोडलेलं काय आणि घातलेलं काय हे समजायला त्यांना इंग्रजीची गरज पडली नाही. नवव्या पानावर ते बराच वेळ थांबले.

"माह्या हाताखाली किती पोरं शिकले," ते म्हणाले. "सगळ्यायले एकच सांगतलं मी. सिलिंग खोटं बोलत नाही, तुमी त्याच्यावर हात फिरवा. अन् हा शिकलेला माणूस, हात न लावता लिहतो का तीनच तुटल्या." त्यांनी कागद जुळवले. "रंभा, तू भिऊ नको. पोरीनं मोजलं हाये. जे मोजलं ते सांगायले कायची भीती?"

"नोकरी जाईन," रंभाबाई म्हणाल्या.

"जाईन," श्यामराव म्हणाले. त्यांनी ते नाकारलं नाही.

दुसऱ्या दिवशी समीक्षानं दोन अर्ज लिहिले. एक प्राचार्यांना, एक टिकारामच्या चौकशीसाठी मिलनं नेमलेल्या वकिलांना, जे दुर्गला मोहन नगरात राहायचे. दोन्हींना चौतीस पानं जोडली. अर्जात तिनं विशेषणं घातली नाहीत. मी तेवीस मोजल्या, छापल्या गेल्या तीन, सिलिंग सीलबंद आहे, कृपया सर्वांसमोर मोजावं, एवढंच. प्राचार्यांच्या कार्यालयातल्या बाईंनी पोच देताना तो अर्ज असा धरला, की जणू तो ओला आहे.

बुधवारी बाराच्या सुमारास निशा धावत तिच्याकडे आली. "मिल की गाड़ी आई है। पेटी ले जाने।"

प्रयोगशाळेच्या दाराशी मिलचा माणूस उभा होता आणि त्याच्या मागं वानखडे सर. तपासणी संपली, नमुना मालकाला परत करायचा, असं कारण होतं. कॉलेजातून सीलबंद वस्तू बाहेर जायला गेटपासवर ज्यानं ती घेतली त्याची सही लागायची. सरांनी गेटपास तिच्यापुढं धरला. तिचं नाव छापलेलं होतंच, फक्त सहीची जागा कोरी.

"सही कर," ते म्हणाले. "रोजचंच काम आहे."

समीक्षानं गेटपास हातात घेतला, वाचला आणि परत दिला.

"मोजल्याशिवाय नाही करणार."

"मी विभागप्रमुख म्हणून सांगतोय."

"मग तुम्ही सही करा, सर. पण पावतीवर माझी आहे. पेटी गेली आणि उद्या कुणी विचारलं, तर सांगणार कोण? परत माझंच नाव येणार का?"

मिलचा माणूस मोबाइल काढून बाजूला गेला. दोन खोल्यांमधून विद्यार्थी डोकावू लागले. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी पेन खिशातून काढलं, गेटपासवर टेकवलं, आणि तसंच परत खिशात ठेवलं. सही त्यांनी केली नाही. का केली नाही हे समीक्षाला नंतरही कधी कळलं नाही. पेन खिशात गेलं, गेटपास टेबलावर राहिला, आणि पेटी जागची हलली नाही. गाडी रिकामी गेली.

शुक्रवारी मोहन नगरच्या वकिलांचा निरोप आला. ते मिलनंच नेमलेले होते, त्यामुळे समीक्षाला त्यांच्याकडून फार आशा नव्हती. पण ते वयस्क गृहस्थ कागदाला कागद म्हणून वाचणारे निघाले. लाल-निळी पानं पाहिल्यावर मोजणी झाल्याशिवाय चौकशी पुढं नेता येणार नाही, असं त्यांनी मिलला लेखी कळवलं.

मंगळवारी अकरा वाजता प्रयोगशाळेत सगळे जमले. वकील, मिलचा सेफ्टी ऑफिसर, वानखडे सर, निशा, समीक्षा. टिकाराम कुबड्यांवर आला, आणि आपला मदतनीस म्हणून त्यानं श्यामरावांना आणलं. मे महिना होता, पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. वकिलांनी सील तपासलं, समीक्षाची सही ओळखली आणि पेटी उघडायला सांगितली.

टिकारामनं अपघातानंतर ते सिलिंग पहिल्यांदाच पाहिलं. कुबडी भिंतीला टेकवून तो टेबलाला धरून उभा राहिला.

निशाच्या चिठ्ठ्या अजून बांधलेल्या होत्या. सेफ्टी ऑफिसर म्हणाला, चिठ्ठ्या बांधायला काय, कुणीही बांधेल. तेव्हा वकिलांनी त्या सोडायला लावल्या आणि सांगितलं, आता परत मोजा, माझ्यासमोर. समीक्षा भिंगातून एकेक टोक दाखवत गेली. वकील वाकून बघायचे, हं म्हणायचे आणि वहीत रेघ ओढायचे. एक तास गेला. तेवीस रेघा झाल्या.

"एक राहून गेली," श्यामराव म्हणाले.

ते इतका वेळ मागं उभे होते. त्यांनी परवानगी मागितली, कापडी हातमोजा चढवला आणि रोपवरून बोट फिरवलं. दोन लडींच्या मधल्या खाचेत बोटाचं टोक घालून त्यांनी एक तार वर काढली. टोक काळं होतं, ग्रीसनं झाकलेलं. भिंगाखाली धरल्यावर गंज स्पष्ट दिसला.

वकिलांनी समीक्षाकडे पाहिलं. "तुम्ही तेवीस म्हणाला होता."

"चुकलं माझं," ती म्हणाली. "चोवीस लिहा."

वानखडे सर खिडकीजवळ होते. ते तेव्हा तिच्याकडे पाहत होते, असं निशानं तिला मागाहून सांगितलं. समीक्षाचं लक्ष त्या वेळी वहीकडे होतं, जिथं वकील चोविसावी रेघ ओढत होते.

टिकारामनं विचारलं, "साहेब, मी एक बोलू का?" वकिलांनी मान हलवली. तो हिंदीत बोलला, सावकाश. जानेवारीत त्यानं सुपरवायझरला सांगितलं होतं की हे सिलिंग हाताला टोचतं, हातमोजे फाटतात. दुसरं येईल म्हणाले. आलं नाही. दुसरं नव्हतंच, मग काय बांधायचं? "पहली बार किसी ने पूछा है," तो म्हणाला, "इसलिए बता रहा हूँ।" वकिलांनी तेही लिहून घेतलं. सेफ्टी ऑफिसरनं हरकत घेतली. त्यांनी हरकतही लिहून घेतली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नोटीस मागं घेतल्याचं पत्र आलं. दोन ओळींचं. दिनांक अमुकची कारणे दाखवा नोटीस रद्द समजावी. कॉलेजनं अहवालाची सुधारित प्रत काढली. त्यात चोवीस तारा होत्या, जवळून काढलेला फोटो परत आला होता, आणि निष्कर्षात लिहिलं होतं की अपघात झिजलेल्या सिलिंगमुळे झाला. कुणी ते वापरात ठेवलं, यावर एक शब्द नव्हता. पहिल्या प्रतीत तीन कसे झाले, यावरही नाही. वानखडे सर विभागप्रमुख राहिले. समीक्षाचा करार तीस जूनला संपला आणि प्रोजेक्ट पूर्ण झाल्यामुळे तो वाढवता येत नाही, असं तिला कळवलं गेलं. त्याच प्रोजेक्टवर जुलैत दुसरा मुलगा रुजू झाला, हे निशानं फोनवर सांगितलं.

रंभाबाई एक दिवस म्हणाल्या, "मी म्हणलं होतं." आणि लगेच, "पण तू बरोबर केलं." दोन्ही वाक्यं त्यांना खरी वाटत होती.

पीएचडीसाठी तिनं रायपूरला दुसऱ्या मार्गदर्शकांना पत्र लिहिलं. त्यांनी भेटायला बोलावलं, अजून हो म्हटलेलं नाही.

जूनमध्ये मिलचं पत्र आलं त्याच दिवशी टिकाराम ते घेऊन आला होता. या वेळी खुर्ची देताच बसला. रंभाबाईंनी चहा दिला. त्यानं पत्र उलटसुलट करून पाहिलं, मागची कोरी बाजूही पाहिली.

"बस एवढंच?" तो म्हणाला. "मी चुकलो असं लिहाले त्यायले पानं लागले. अन् मी नाही चुकलो, हे दोन ओळीत?"

"ते तसंही लिहिलेलं नाही, काका," समीक्षा म्हणाली. "नोटीस रद्द, एवढंच आहे. तुम्ही चुकला नाहीत असं कुठंच म्हटलेलं नाही."

"अन् कोण चुकलं?"

"तेही नाही."

चहा निवत होता. श्यामराव म्हणाले, "दर महिन्याले सिलिंग तपासून रजिस्टरमंदी सही करा लागते. फेब्रुवारीच्या आधी कोणीतरी करतच असन. सिलिंग ठीक हाये म्हणून."

"ते रजिस्टर मागता येतं का?" टिकारामनं विचारलं.

"मागता येतं," समीक्षा म्हणाली. "ते देतील की नाही, माहीत नाही."

"मागून पाहू."

तिनं लॅपटॉप उघडला आणि अर्ज लिहायला घेतला. मला झालेल्या अपघातापूर्वीच्या सहा महिन्यांच्या तपासणी नोंदवहीची प्रत मिळावी. प्रत्येक वाक्य लिहून झालं की ती त्याला वाचून दाखवायची, आणि तो मान हलवल्याशिवाय पुढचं लिहायची नाही. एका ठिकाणी तिनं 'विनंती' लिहिलं तेव्हा त्यानं तिला थांबवलं.

"विनंती कावून? माहा पाय गेला हाये."

तिनं तो शब्द काढला आणि 'मागणी' लिहिलं. मग शेजारच्या दुकानात जाऊन छापून आणलं. टिकारामनं अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः वाचला, दोनदा, आणि खाली देवनागरीत पूर्ण नाव लिहिलं, टिकाराम गणपत शिवणकर, शेवटच्या अक्षरापर्यंत दाब सारखा ठेवून.